मायग्रेन टाळण्यासाठी नैराश्यावरची औषधं: डोस, वेळ आणि नेमकं कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा: महिन्यातले नऊ-दहा दिवस मायग्रेनमध्ये जातात. डॉक्टरांनी रोज रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलीग्रॅम घ्यायला सांगितलं. माहितीपत्रकात 'नैराश्यासाठी' असं वाचलं आणि शंका आली, की मला नैराश्य नाही, मग हे औषध का? याची सवय लागेल का? आठ दिवस झाले, डोकेदुखी तशीच आहे, वर सकाळी गुंगी असते. बंद करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. डोकेदुखी थांबली नाही म्हणून आठव्या दिवशी हे औषध बंद करू नका. आठ दिवसांत ते काम करतच नाही. तुम्हाला आत्ता जो डोस चालू आहे तो बहुधा तुमचा खरा डोस नाहीच, ती फक्त पहिली पायरी आहे. सकाळची गुंगी बऱ्याचदा गोळीची वेळ बदलून कमी होते, ते पुढे सांगतो. या औषधांबद्दल 'घेतलं, उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्या अनेकांच्या बाबतीत औषधाची खरी परीक्षा झालेलीच नसते. डोस फार लवकर वाढवलेला असतो किंवा अजिबात वाढवलेला नसतो, तीन आठवड्यांत सोडून दिलेलं असतं, नाहीतर सोबत रोजच्या वेदनाशामक गोळ्या चालू असतात.

आता नैराश्याची शंका. अमिट्रिप्टिलिन 1961 मध्ये नैराश्यावरचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं आणि ती ओळख त्याला चिकटली. मायग्रेनवर त्याच्या चाचण्या 1970 च्या दशकात झाल्या. त्यात दिसलं, की डोकेदुखीतला फरक आणि मनःस्थितीतला फरक यांचा फारसा संबंध नाही. ज्यांना नैराश्य नव्हतं त्यांचीही डोकेदुखी कमी झाली. डोसही वेगळा असतो. नैराश्यासाठी साधारण 75 ते 150 मिलीग्रॅम लागतात, मायग्रेनसाठी बहुतेकांना 25 ते 50 पुरतात आणि काहींचं 10 वरही भागतं. एवढ्या डोसमध्ये मोठ्या माणसांच्या मनावर सहसा परिणाम होत नाही, स्वभाव बदलत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ज्यांना मायग्रेनबरोबर खरोखरच नैराश्य आहे, त्यांना रात्रीचं 25 मिलीग्रॅम अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी पुरत नाही. 'तीच तर गोळी चालू आहे' या समजुतीत नैराश्याचा उपचार राहून जातो.

ही औषधं काम कशी करतात हे पूर्ण उलगडलेलं नाही, पण दोन गोष्टींना चांगला आधार आहे. मेंदूच्या खोडातून खाली येणारे काही मज्जामार्ग वेदनेचे संदेश दाबून धरतात आणि त्यांचं काम सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांवर चालतं. या औषधांमुळे ती रसायनं चेतापेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकतात. दुसरी गोष्ट मायग्रेनच्या ऑराशी, म्हणजे काहींना डोकेदुखीआधी डोळ्यांसमोर चमक किंवा नागमोडी रेषा दिसतात त्याच्याशी, जोडलेली आहे. ऑरामध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत-क्रियेची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकते आणि तिच्यामागे पेशी काही काळ गप्प होतात. उंदरांवरच्या 2006 च्या एका अभ्यासात अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, अपस्मारावरची टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही वेगवेगळ्या गटांतली औषधं आठवडेच्या आठवडे दिल्यावर या लाटा कमी झाल्या. एकाच डोसने तसं झालं नाही. मायग्रेन टाळणाऱ्या औषधांना वेळ का लागतो, याचं यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण आज तरी नाही.

रोजची गोळी कोणाला हवी? महिन्यात चार किंवा जास्त दिवस मायग्रेनचे असतील, किंवा दिवस कमी असले तरी प्रत्येक झटका अंथरुणाला खिळवणारा असेल आणि तात्पुरत्या गोळीला दाद देत नसेल, तर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. तुमचे नऊ-दहा दिवस या मर्यादेच्या बरेच पुढे आहेत. त्याआधी एक मोजणी मात्र करायला हवी, ती वेदनाशामक गोळ्यांची. महिन्यातले किती दिवस गोळी घेतली हे मोजायचं, किती गोळ्या घेतल्या हे नव्हे. साध्या पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनसाठी 15 दिवस आणि ट्रिप्टान, अर्गोट (ही दोन्ही मायग्रेनचा झटका थांबवणारी खास औषधं), कोडीन-ट्रामाडॉल किंवा मिश्र गोळ्यांसाठी 10 दिवस ही धोक्याची रेषा आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ ही रेषा ओलांडली, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. अशा वेळी वरून कुठलंही प्रतिबंधक औषध टाकलं तरी त्याचा परिणाम अर्धामुर्धाच होतो. त्या गोळ्या कमी करणं आणि प्रतिबंधक औषध सुरू करणं ही दोन्ही कामं एकाच वेळी हाती घ्यायची असतात. हे न सांगता नुसती रात्रीची गोळी लिहून दिलेली असेल, तर पुढच्या भेटीत स्वतःहून विषय काढा.

या गटातली सगळी औषधं मायग्रेनवर सारखी चालत नाहीत. 'डिप्रेशनचं कुठलंही औषध चालेल' हा मोठा गैरसमज आहे. सर्वांत जास्त पुरावा अमिट्रिप्टिलिनचा आहे, त्यानंतर व्हेन्लाफॅक्सिनचा. अमेरिकेतल्या चेताविज्ञान आणि डोकेदुखीच्या संघटनांनी 2012 मध्ये या दोघांनाही 'बहुधा परिणामकारक' या दर्जात ठेवलं, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल आणि टोपिरामेटच्या एक पायरी खाली. अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा मात्र दोघांचा परिणाम जवळपास सारखा निघाला. फरक दुष्परिणामांत होता: एकाने वजन वाढतं, दुसऱ्याने घटतं. फ्लुऑक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्रॅम हा एसएसआरआय गट नैराश्य आणि चिंतेसाठी उत्तम आहे, पण मायग्रेन टाळण्यासाठी त्यांचा भरवशाचा पुरावा नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यातही तसंच निघालं, आणि त्या आढाव्याने व्हेन्लाफॅक्सिनच्या पुराव्यालाही मजबूत म्हटलेलं नाही. व्यवहारात व्हेन्लाफॅक्सिन वापरलं जातं ते योग्य माणूस निवडून: ज्याला मायग्रेनबरोबर चिंता किंवा नैराश्य आहे, ज्याला गुंगी परवडत नाही, वजन वाढायला नको आहे, मायग्रेनबरोबर गरगरण्याचा त्रास आहे, किंवा रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघतात. नॉर्ट्रिप्टिलिन हे अमिट्रिप्टिलिनपासूनच शरीरात तयार होणारं औषध. गुंगी आणि कोरडेपणा कमी, पुरावाही कमी. अमिट्रिप्टिलिनचा उपयोग होतोय पण सोसत नाही, अशा वेळी तो समंजस पर्याय आहे. ड्युलोक्सेटिनचा पुरावा तुटपुंजा आहे. मिर्टाझापिनचं काम मुख्यतः ताणाच्या डोकेदुखीत दिसलं आहे. ब्युप्रोपिऑन मायग्रेनसाठी देत नाहीत, डोकेदुखी हा त्याचाच एक नेहमीचा दुष्परिणाम आहे.

अमिट्रिप्टिलिन कोणाला शोभतं? झोप नीट लागत नाही, मायग्रेनबरोबर मानेत-डोक्यात ताणाची डोकेदुखीही आहे, अंग दुखत राहतं, पोट सारखं बिघडतं, अशांना एका गोळीत दोन-तीन कामं साधतात. कोणाला देऊ नये किंवा फार जपून द्यावं, ही यादी मोठी आहे आणि ती सुरुवातीलाच तपासायला हवी: नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, हृदयातले विद्युत-संदेश वाहण्यातले दोष, ईसीजीतला क्यूटी कालावधी (ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असणं, अरुंद कोनाचा काचबिंदू, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडणं, आणि अपस्मार, कारण हे औषध फिट येण्याची मर्यादा खाली आणतं. चाळिशी उलटली असेल, घरात कोणाचा तरुणपणी अचानक हृदय थांबून मृत्यू झाला असेल, किंवा क्यूटी लांबवणारं दुसरं औषध चालू असेल, तर पहिल्या गोळीआधी एक ईसीजी काढून घेतलेला बरा. आणखी एक प्रश्न अनेकदा विचारायचा राहतो. आयुष्यात कधी असा काळ आला का, की आठवडाभर झोपेची गरजच वाटली नाही, बोलणं थांबेना, पैसा वाटेल तसा खर्च झाला? उत्तर हो असेल, तर बायपोलर आजाराची शक्यता तपासल्याशिवाय या गटातलं कुठलंही औषध सुरू करू नये. ते उन्माद भडकवू शकतं.

आता गोळी घ्यायची कशी. सुरुवात 10 मिलीग्रॅमने. वय जास्त असेल किंवा औषधं अंगाला पटकन लागत असतील, तर अर्ध्या गोळीने, म्हणजे 5 ने. वेळ: झोपायच्या दोन-तीन तास आधी, अंथरुणावर पडताना नाही. हा बदल छोटा वाटतो, पण इथेच निम्मा त्रास वाचतो. गोळीचा गुंगीचा भर काही तासांनी येतो आणि तो सकाळपर्यंत रेंगाळतो. सकाळी सहाला उठणाऱ्याने रात्री अकराला गोळी घेतली, तर गुंगीचा भर आणि कामावर निघायची वेळ एकत्र येतात. तीच गोळी आठला घेतली, की दहा-साडेदहाला झोप येते आणि उठेपर्यंत गुंगीचा बराचसा भाग ओसरलेला असतो. पहिले चार-पाच दिवस गाडी चालवायचं टाळा किंवा सुरुवात सुट्टीच्या आदल्या रात्री करा. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर गुंगी बरीच वाढते.

पुढची पायरी एक-दोन आठवड्यांनी: 20, मग 25 किंवा 30, मग गरज असेल तर 50. प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारायचे. सोसतंय का? आणि फरक पडतोय का? सोसत नसेल तर एक पायरी मागे या आणि तिथे दोन-तीन आठवडे थांबा, पुष्कळदा शरीर सरावतं आणि मग पुढे जाता येतं. फरक पुरेसा पडला असेल तर पुढे जायचं कारण नाही. 75 च्या वर जाऊन डोकेदुखीत फार भर पडत नाही, दुष्परिणाम मात्र वाढत जातात. घाईघाईने पहिल्याच आठवड्यात 25 वर नेलेली माणसं दिवसभर झोपाळलेली राहतात आणि औषधच टाकून देतात. उलट प्रकारही दिसतो: वर्षभर 10 वरच बसलेला माणूस, 'चालू आहे पण उपयोग नाही' म्हणणारा. परिणाम जोखायची मुदत सुरू होते ती योग्य डोसवर पोचल्यापासून. तिथून आठ ते बारा आठवडे. हे जमेस धरलं, तर पहिल्या गोळीपासून निकालापर्यंत तीन-साडेतीन महिने जातात. हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की सुरुवातीचे आठवडे जड जात नाहीत.

एखाद्या रात्री गोळी विसरली तर ती रात्र सोडून द्या. सकाळी आठवली म्हणून सकाळी घेऊ नका आणि दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका.

दुष्परिणामांत सर्वांत पहिला तोंडाचा कोरडेपणा. तो बहुतेकांना होतो आणि नुसता गैरसोयीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण लाळ कमी झाली की दात किडतात. साखर नसलेलं च्युइंगम, फ्लोराइडची टूथपेस्ट, दर सहा महिन्यांनी दात दाखवणं. गोड चघळत राहणं हा सर्वांत वाईट उपाय. बद्धकोष्ठ होणार हे धरूनच चालायचं आणि पहिल्या आठवड्यापासून पाणी आणि तंतुमय आहार वाढवायचा, लागलं तर इसबगोल. उठताना चक्कर येत असेल तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहायचं, विशेषतः रात्री लघवीला उठताना. जवळचं वाचताना धूसर दिसतं, ते बहुधा सरावाने कमी होतं. पण डोळा दुखून लाल झाला आणि दिव्याभोवती कडी दिसायला लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. लघवी अडली तरी तसंच. छातीत धडधड होऊन घेरी आली तर गोळी थांबवून लगेच तपासणी.

वजनाबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही, आणि काही महिन्यांनी गोळी गुपचूप बंद होते त्यामागे हेच कारण सापडतं. भूक वाढते, विशेषतः गोड आणि पिठूळ खाण्याची. सुरुवातीला वजन लिहून ठेवा, महिन्याला एकदा त्याच काट्यावर बघा. तीन महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्क्यांच्या वर गेलात तर औषध बदलायचा विषय काढा. डोकेदुखी कमी झाली आहे म्हणून मुकाट्याने सोसत राहायची गरज नाही. फ्लुनारिझिन या मायग्रेन टाळण्याच्या दुसऱ्या औषधाबरोबर अमिट्रिप्टिलिन ही जोडी बऱ्याचदा दिली जाते. दोन्हीही वजन आणि गुंगी वाढवणारी, आणि फ्लुनारिझिन मन खिन्न करू शकतं, म्हणून त्या जोडीकडे मला तरी फार प्रेमाने बघवत नाही.

डायरीशिवाय या उपचाराला अर्थ नाही. मोबाइलमधलं कॅलेंडर पुरतं. रोज एकच ओळ: डोकं दुखलं का, किती (0 ते 3), कुठली गोळी घेतली, पाळी चालू आहे का. औषध सुरू करायच्या आधीच्या 28 दिवसांची नोंद हा पाया. समजा त्यात दुखण्याचे दिवस 10 होते. पहिल्या महिन्यात 9 झाले, दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 5. ही कामगिरी यशस्वी म्हणायची, कारण अपेक्षित उद्दिष्ट निम्म्याने घट हेच असतं. डोकेदुखी शून्यावर येणं दुर्मीळ आहे आणि ते वचन कोणी देत असेल तर सावध व्हा. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांच्या बाबतीत तिसरा हिस्सा कमी झाला तरी तो खरा फायदा मानतात. दिवस तेवढेच राहिले पण 3 च्या जागी 1 यायला लागला, किंवा तात्पुरती गोळी तासाभरात लागू पडायला लागली, तर तेही जमेच्या बाजूला. नुसत्या आठवणीवर विचारलं तर लोक 'काही फरक नाही' म्हणतात, कारण कालचा झटका लक्षात असतो.

व्हेन्लाफॅक्सिनची रीत वेगळी. ते सकाळी, खाण्याबरोबर, हळूहळू विरघळणाऱ्या कॅप्सूलच्या रूपात. कॅप्सूल चावायची-कुटायची नाही. पहिला आठवडा 37.5 मिलीग्रॅम, मग 75, आणि तीन-चार आठवड्यांनी गरज असेल तर 150. डोकेदुखीवरचा परिणाम 150 ला जास्त खात्रीने दिसतो, पण 75 वर काम भागलेले लोकही आहेत. पहिल्या दहा-बारा दिवसांत मळमळ जवळपास ठरलेली. नेमकी मायग्रेनची मळमळ असणाऱ्यांना ती जास्त घाबरवते. भरल्या पोटी घेतल्याने आणि 37.5 वर दोन आठवडे थांबल्याने ती बहुतेकदा निभते. घाम येतो, झोप उथळ होते, लैंगिक इच्छा आणि समाधान कमी होतं. हा शेवटचा त्रास कोणी स्वतःहून सांगत नाही, म्हणून विचारावा लागतो. रक्तदाब सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर दोन-चार आठवड्यांनी मोजायचा. आधीच आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे औषध सुरू करायचं नाही.

व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातं. एक कॅप्सूल चुकली तरी दुसऱ्या दिवशी गरगर, चिडचिड, मान वळवताना डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, आणि वर डोकेदुखी. ती डोकेदुखी मायग्रेन समजून माणूस वेदनाशामक घेतो आणि गोंधळ वाढतो. ज्यांना रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यायचं जमत नाही, त्यांच्यासाठी हे औषध नाही.

आता बाकीच्या औषधांशी होणारे संबंध, कारण मायग्रेनचा माणूस क्वचितच एका गोळीवर असतो. ट्रिप्टान आणि एसएसआरआय किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं एकत्र घेतली तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा परिणाम अति वाढून होणारा धोकादायक त्रास, होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्ये दिला. तेव्हापासून औषधाच्या दुकानातला संगणकही लाल खूण दाखवतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दोन्ही प्रकारची औषधं दिलेल्या सुमारे 19 हजार रुग्णांमध्ये या सिंड्रोमची निश्चित म्हणता येतील अशी प्रकरणं दोनच निघाली. याला शास्त्रीय कारणही आहे. ट्रिप्टान सेरोटोनिनच्या ज्या ग्राहकांवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर) काम करतं ते या सिंड्रोममागच्या ग्राहकांपेक्षा वेगळे आहेत. तेव्हा झटका आल्यावर सुमाट्रिप्टान घ्यायला घाबरायचं कारण नाही. खरी काळजी दुसऱ्या नावांची: ट्रामाडॉल, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि एमएओ रोधक गटातली नैराश्यावरची जुनी औषधं. या शेवटच्या गटाबरोबर तर ही औषधं वर्ज्यच. थरथर, खूप घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठरून फडफडणं, गोंधळलेपणा ही लक्षणं काही तासांत एकत्र आली तर थेट रुग्णालय.

व्हेन्लाफॅक्सिन किंवा एसएसआरआय चालू असताना नाप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन वारंवार घेतलं तर जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रिप्टानच्या धास्तीने ही औषधं जास्त घेणारे लोक खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवून बसलेले असतात. अमिट्रिप्टिलिनच्या बाबतीत मळमळीसाठीच्या डॉम्पेरिडोनकडे लक्ष ठेवा, दोन्ही क्यूटी लांबवतात. आणि फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, ब्युप्रोपिऑन, बुरशीवरचं टर्बिनाफिन ही औषधं यकृतातलं अमिट्रिप्टिलिन निकामी करणारं एन्झाइम अडवतात. मग 25 मिलीग्रॅमची गोळी अंगात कितीतरी मोठ्या डोससारखी वागते. मानसोपचारतज्ज्ञांचं फ्लुऑक्सेटिन आधीपासून चालू आणि दुसऱ्या डॉक्टरांनी डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन लिहिलं, हा प्रसंग अगदी नेहमीचा आहे. दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

मुलांच्या बाबतीत उत्साह आवरायला हवा. 8 ते 17 वर्षांच्या मुलांवरच्या 2017 च्या मोठ्या चाचणीत डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झालेल्यांचं प्रमाण अमिट्रिप्टिलिनवर 52 टक्के, टोपिरामेटवर 55 टक्के आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीवर 61 टक्के होतं. म्हणजे मुलांमध्ये गोळीने वेगळं काही साधलं नाही, दुष्परिणाम मात्र झाले, त्यात मनःस्थिती बिघडण्याची काही गंभीर उदाहरणंही होती. झोप, जेवण, पाणी यांची शिस्त आणि वर्तनोपचार हा तिथे पाया. औषध द्यायचंच ठरलं तर 25 वर्षांखालच्या प्रत्येकाच्या बाबतीत, पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार, अचानक अस्वस्थता, चिडचिड यांवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. पासष्टीनंतर अमिट्रिप्टिलिन शक्यतो नको: विसरभोळेपणा, गोंधळ, रात्रीचं पडणं. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली असेल, तर ती मायग्रेन धरून प्रतिबंधक औषध देण्याआधी दुसरी कारणं शोधायची. क्षणार्धात शिगेला पोचलेली, किंवा ताप, बेशुद्धी, एका बाजूची कमजोरी यांसह आलेली डोकेदुखी कुठल्याही वयात तातडीची.

गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत अनेकींचा मायग्रेन आपोआप उतरतो आणि गोळीची गरजच राहत नाही. गरज पडलीच तर कमी डोसचं अमिट्रिप्टिलिन हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट मात्र नाहीत, ती गर्भाला बाधतात.

घरात ठेवण्याबद्दल: अमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हृदयावर जातं आणि मारक ठरतं. लहान मुलाने 25 मिलीग्रॅमच्या काही गोळ्या गिळल्या तरी जिवावर बेतू शकतं. कुलपात ठेवा. घरात कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर महिन्याचा साठा एकदम आणू नका आणि डॉक्टरांना हे कारण स्पष्ट सांगा. ते औषधच बदलतील.

सवयीचा प्रश्न राहिला. नशेच्या पदार्थाची लागते तशी ओढ या औषधांची लागत नाही आणि डोस सतत वाढवावा लागत नाही. पण शरीर सरावलेलं असतं, म्हणून अचानक बंद केलं तर काही दिवस झोप उडते, मळमळतं, डोकं दुखतं. औषध लागू पडलं तर सहा ते बारा महिने चालू ठेवायचं आणि मग उतरवायचं: अमिट्रिप्टिलिन दर दोन आठवड्यांनी 10 मिलीग्रॅमने, व्हेन्लाफॅक्सिन त्याहून सावकाश, 150 वरून 75, मग 37.5, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. परीक्षा, नोकरी बदल, रात्रपाळीचे दिवस सोडून शांत काळ निवडा आणि डायरी चालूच ठेवा. उतरवताना पहिल्या आठवड्यात आलेली एखाददुसरी डोकेदुखी मोजायची नाही, ती उतरवण्यामुळेही असते. महिनाभराने दिवस पुन्हा चाराच्या वर गेले, तर ज्या डोसवर बरं होतं तिथे परत जायचं आणि पुढचा प्रयत्न सहा महिन्यांनी करायचा. आणि योग्य डोसवर पूर्ण बारा आठवडे काढूनही डायरीतला आकडा हलला नसेल, तर या गटात घुटमळत न बसता दुसऱ्या मार्गाने जायचं: प्रोप्रॅनोलॉल, रक्तदाबाचंच कँडेसार्टन, टोपिरामेट, किंवा 2018 पासून उपलब्ध असलेली सीजीआरपीविरोधी (मायग्रेनच्या वेदनेत भाग घेणाऱ्या सीजीआरपी या रेणूला अडवणारी) इंजेक्शनं. अमेरिकेतल्या डोकेदुखीच्या संघटनेने 2024 मध्ये या शेवटच्या गटालाही पहिल्या फळीत जागा दिली आहे, म्हणजे आधी जुनी औषधं अपयशी ठरलीच पाहिजेत अशी अट तिच्या मते उरलेली नाही.